विन्या आर्दान्सा रेसेर्वा २०१६ : जुन्या वळणाची रिओहा आणि तिच्या जोडीचे ताट

ला रिओहा आल्ता या वाइनगृहाची ‘विन्या आर्दान्सा रेसेर्वा’ ही लाल वाइन स्पेनमधल्या दुकानांत साधारण २५ ते ३० युरोंना मिळते. त्याच फळीवर निम्म्या किमतीत चांगली रिओहा, म्हणजे त्या नावाच्या प्रदेशातली वाइन, मिळते, आणि दुप्पट-तिप्पट किमतीची, जड बाटलीतली, गडद रंगाची दमदार वाइनही मिळते. या दोहोंच्या मधली ही बाटली का उचलावी आणि उचललीच तर तिच्या जोडीला ताटात काय असावे, हे सांगण्यासाठी हा परीक्षणाचा प्रपंच. माझे मत आधीच नोंदवतो. २०१६ सालची ही वाइन उत्तम आहे आणि तिचे खरे बळ तिच्या आंबटपणात आणि मुरलेपणात आहे. त्यामुळे ‘लाल वाइन म्हटली की मांस’ हा सरधोपट नियम तिला पुरा पडत नाही. तिला नीट शोभणारे काही पदार्थ बिनमांसाचे आहेत, आणि स्पेनमध्ये लाल वाइनशेजारी हमखास वाढले जाणारे काही पदार्थ तिचे नुकसान करतात.

रिओहा हा उत्तर स्पेनमधला, एब्रो नदीच्या दोन्ही काठांनी पसरलेला प्रदेश. उत्तरेला सिएरा दे कांताब्रियाची डोंगररांग आहे. अटलांटिककडून येणारे थंड, ओले वारे ती बऱ्याच अंशी अडवते, पण त्यांचा गारवा पूर्णपणे तोडत नाही. पश्चिमेकडच्या रिओहा आल्ता भागात हा गारवा जास्त जाणवतो. नदीच्या ओघाबरोबर पूर्वेकडे सरकावे तसे हवामान भूमध्य सागरी होत जाते, ऊन वाढते, पाऊस कमी होतो. पूर्वेच्या या भागाला पूर्वी रिओहा बाहा म्हणत, आता रिओहा ओरिएन्ताल म्हणतात. ही भौगोलिक माहिती इथे देण्याचे कारण असे की या एका बाटलीत हे दोन्ही भाग एकत्र आले आहेत. वाइनचा सुमारे चार पंचमांश भाग तेंप्रानियो जातीच्या द्राक्षांचा आहे आणि ती फुएनमायोर व सेनिसेरो या पश्चिमेकडच्या गावांच्या शिवारातून येतात. उरलेला पाचवा हिस्सा गार्नाचा या दुसऱ्या जातीचा. ती पूर्वेकडच्या तुदेलिया गावाजवळच्या ला पेद्रिसा या दगडगोट्यांनी भरलेल्या मळ्यातली आहे. तेंप्रानियो वाइनला बांधा, बेताचा तुरटपणा आणि लाल फळांचा गाभा देते, तर गार्नाचा तिला भरीव करते आणि गोलाई देते. नुसत्या तेंप्रानियोच्या अनेक रेसेर्वा, म्हणजे ठरावीक काळ मुरवलेल्या वाइन, जिभेच्या मध्यावर किंचित पोकळ वाटतात. इथे ती पोकळी जाणवत नाही, याचे श्रेय मी गार्नाचाला देतो.

ला रिओहा आल्ताची स्थापना १८९० साली आरो या गावात झाली. रिओहा आणि बास्क प्रदेशांतल्या पाच कुटुंबांनी एकत्र येऊन हे वाइनगृह काढले. आरोच्या रेल्वे स्थानकाला लागून असलेल्या वस्तीत आजही अनेक जुनी वाइनगृहे एकमेकांना खेटून उभी आहेत, आणि त्यामागे द्राक्षवेलींवरच्या फायलोक्सेरा या किडीची कथा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या किडीने फ्रान्सचे मळे उद्ध्वस्त केले, तेव्हा बोर्दोचे व्यापारी वाइनच्या शोधात रिओहात उतरले. त्यांना माल हवा होता आणि तो बंदरापर्यंत पोहोचवायला रेल्वे हवी होती. आरोला १८६३ पासून रेल्वे होती. व्यापाऱ्यांबरोबर २२५ लिटरच्या ओकच्या पिंपात वाइन मुरवण्याची बोर्दोची रीतही इथे रुजली. पुढे १८९९ मध्ये ती कीड रिओहातही पोहोचली, पण तोवर मुरवण्याची पद्धत इथल्या मातीची झाली होती. फरक एवढाच की रिओहाच्या वाइनगृहांनी मोठ्या प्रमाणावर अमेरिकी ओक वापरला. या लाकडातून व्हॅनिला, नारळ आणि थोडासा शेपूसारखा वास वाइनमध्ये उतरतो, फ्रेंच ओकमधून मसाल्याची छटा अधिक येते. आर्दान्सा अमेरिकी ओकमध्येच मुरते आणि त्यासाठी लागणारी पिंपे हे वाइनगृह स्वतः घडवते.

आता रेसेर्वा या दर्जाविषयी. रिओहाच्या नियमानुसार लाल रेसेर्वा एकूण किमान तीन वर्षे मुरलेली असावी लागते, त्यातले किमान एक वर्ष ओकच्या पिंपात आणि किमान सहा महिने बाटलीत. ग्रान रेसेर्वासाठी एकूण पाच वर्षे लागतात, त्यातली किमान दोन वर्षे पिंपात आणि दोन बाटलीत. बाटलीच्या मागे नियामक मंडळाची छोटी पट्टी चिकटवलेली असते. रेसेर्वाहून कमी मुरलेल्या क्रियान्साची लाल, रेसेर्वाची गडद मरून आणि ग्रान रेसेर्वाची निळी. आर्दान्साची पट्टी मरून आहे, पण तिच्यातली तेंप्रानियो सुमारे ३६ महिने आणि गार्नाचा सुमारे ३० महिने पिंपात राहते. म्हणजे कागदोपत्री रेसेर्वा असलेली ही वाइन लाकडाच्या सहवासात ग्रान रेसेर्वाच्या किमान अटीपेक्षाही जास्त काळ काढते. हवा लागली की गार्नाचा लवकर थकते, त्यामुळे तिचा पिंपातला मुक्काम थोडा कमी असणे मला शहाणपणाचे वाटते.

तीन वर्षे ओकमध्ये म्हटल्यावर वाइनला लाकडाचाच वास येईल, अशी शंका स्वाभाविक आहे. तसे होत नाही, कारण पिंपे कोरी नसतात, अनेक वर्षे वापरलेली असतात. कोरे पिंप वाइनला वास आणि तुरटपणा देते; जुने पिंप मुख्यतः हवेचा अगदी सूक्ष्म स्पर्श देते आणि वाइन शांतपणे मुरू देते. शिवाय दर सहा महिन्यांच्या सुमारास ती एका पिंपातून दुसऱ्यात हाताने काढली जाते. तळाचा गाळ मागे ठेवून वरची निवळ तेवढी पुढे जाते. हे काम मेणबत्तीच्या उजेडात करण्याची जुनी रीत या घराने टिकवली आहे. पिंपाच्या भोकातून येणारी धार कामगार काचेच्या पेल्यात धरतो, तो पेला ज्योतीसमोर उचलतो, आणि धारेत पहिली गढूळ रेघ दिसली की तिथेच थांबतो. गाळणयंत्राने हे काम झटपट होईल, पण सोबत वाइनचे अंगही थोडे झिजेल. आर्दान्सा इतकी मऊ असूनही पाणचट लागत नाही, याचे मोठे कारण मला या सावकाश पद्धतीत दिसते.

प्रत्यक्ष चवीकडे वळण्यापूर्वी वर्षाविषयी थोडे. रिओहाचे नियामक मंडळ प्रत्येक हंगामाला श्रेणी देते. २०१० आणि २०११ या हंगामांना ‘उत्कृष्ट’ श्रेणी मिळाली होती, २०१५ ला ‘अतिशय चांगले’, तर २०१६ ला नुसते ‘चांगले’. २०१६ मध्ये पीक भरपूर आले होते, आणि भरपूर पिकाच्या वर्षी निवड न करणाऱ्याची वाइन पातळ होते. संपूर्ण प्रदेशाला दिलेली श्रेणी एखाद्या घराच्या वाइनला तंतोतंत लागू होत नाही, हे या बाटलीवरून स्पष्ट दिसते. या वाइनगृहाने १९६४, १९७३, २००१ आणि २०१० या वर्षांच्या आर्दान्साला ‘विशेष निवड’ असे संबोधले. २०१६ त्या मालिकेत नाही, आणि तिचा गाभा २०१० इतका खोल नाही हेही खरे. मात्र ती अधिक लवकर मोकळी होते, आणि जेवणाच्या टेबलावर हा गुण मोठा आहे.

पांढऱ्या टेबलक्लॉथवर पेला तिरपा धरला तर मध्यभागी माणकासारखा लाल रंग दिसतो, त्याच्या पलीकडचे अक्षर अंधुक वाचता येते, आणि कडेला तो विटकरी होत जातो. आधुनिक पद्धतीच्या जांभळट, अपारदर्शक वाइनची सवय असलेल्यांना हा रंग फिका वाटेल. तो दोष नव्हे. लाकडात आणि बाटलीत वर्षे काढलेल्या तेंप्रानियोचा रंग असाच निवळतो. बाटली उघडल्यावर पहिली वीसेक मिनिटे नाकाला व्हॅनिला आणि नारळ ठळक जाणवतात, आणि एवढ्यावर मत बनवणारा माणूस ‘लाकूड जास्त आहे’ असे म्हणून पेला खाली ठेवील. त्याने थांबावे. अर्ध्या तासाने लाकूड मागे सरते आणि पिकलेली चेरी, सुकवलेले आलुबुखार, संत्र्याची साल, थोडी तंबाखू, दालचिनी आणि ओल्या पानांचा वास एकामागून एक पुढे येतो. यातली संत्र्याची साल मला सर्वांत मोलाची वाटते, कारण फळ आणि मुरलेपण यांना जोडणारा दुवा तीच आहे.

जिभेवर पहिली जाणीव मऊपणाची होते, पण लगेच दोन्ही गालांच्या आतून पाणी सुटते. तो आंबटपणा या वाइनचा कणा आहे. तुरटपणा आहे, पण तो बारीक आणि सुटा आहे. दातांवर साय धरावी तसा चिकटून राहत नाही. गिळल्यानंतर चव बराच वेळ रेंगाळते आणि शेवटी फळापेक्षा मसाल्याची आणि सुकामेव्याची आठवण राहते. मद्यार्काची ऊब घशात जाणवते, पण वाइन योग्य तापमानाला असेल तर तिचा चटका लागत नाही. ज्यांना लाल वाइनमध्ये ताज्या, रसरशीत फळाची चव हवी असते त्यांची ही वाइन नाही. त्यांनी त्याच प्रदेशातली, पिंपात न ठेवलेली किंवा थोडाच काळ ठेवलेली तरुण तेंप्रानियो घ्यावी. ती स्वस्तही पडते आणि अधिक आनंदही देते.

तापमानाचा मुद्दा मी मुद्दाम सविस्तर मांडतो, कारण चांगल्या वाइनचे जितके नुकसान चुकीच्या तापमानाने होते तितके चुकीच्या पदार्थानेही होत नाही. अशा रेसेर्वासाठी १६ ते १८ अंश सेल्सियस योग्य. लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ द्यावी असे जे म्हटले जाते, ते जाड दगडी भिंतींच्या गार घरांना लागू होते. रिओहाची राजधानी असलेल्या लोग्रोन्योच्या उन्हाळ्यात दुपारी पारा तिशीच्या पुढे असताना त्याला अर्थ उरत नाही. तिथल्या एका भोजनगृहात हीच वाइन माझ्यापुढे स्वयंपाकघराशेजारच्या फळीवरून थेट आली, आणि पहिल्या घोटाला मद्यार्क आणि व्हॅनिला यांखेरीज काहीही लागले नाही. पाणी आणि बर्फ असलेली बादली मागितली, दहा मिनिटे बाटली तीत उभी केली, आणि चेरी व आंबटपणा दोन्ही परत जागेवर आले. कोणत्याही चांगल्या भोजनगृहात अशी बादली मागण्यात संकोच बाळगू नये. बाटलीच्या तळाशी थोडा गाळ असू शकतो, म्हणून ती काही तास उभी ठेवावी आणि हलक्या हाताने ओतावी. डिकँटरमध्ये, म्हणजे वाइन ओतून ठेवायच्या काचपात्रात, तासन् तास ठेवण्याची गरज मात्र नाही, कारण तीन वर्षांत इतकी हवा घेतलेल्या वाइनला आणखी हवेचा मारा सोसत नाही. अर्धा तास पुरे.

आता ताटाकडे. रिओहात लाल वाइनबरोबरचा सर्वांत प्रसिद्ध पदार्थ म्हणजे चुलेतियास आल सार्मिएन्तो, अर्थात द्राक्षवेलीच्या छाटलेल्या काटक्यांवर भाजलेल्या कोकराच्या बारीक बरगड्या. हिवाळ्यात वेलींची छाटणी होते, काटक्यांच्या जुड्या बांधून सुकवल्या जातात, आणि त्या पेटवल्यावर भडका उडून लगेच विझतो. मागे उरतात ते बारीक, लालभडक निखारे. बरगड्यांवर मिठाखेरीज काही नसते. जाळीवर ठेवताच कडेच्या चरबीचे थेंब निखाऱ्यावर पडून चुरचुरतात, त्या धुराचा हलका वास मांसाला लागतो आणि काही मिनिटांतच कडा कुरकुरीत होतात. त्या हातानेच खायच्या असतात. इथे वाइनची जोड अगदी तर्कशुद्ध आहे. वाइनमधले टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारा घटक, एरवी लाळेतल्या प्रथिनांना धरते आणि तोंड कोरडे पाडते. तोंडात मांस आणि चरबी असली की तो कोरडेपणा सौम्य होतो, मीठ तुरटपणा आणखी बोथट करते, आणि आंबटपणा जिभेवरची चरबी धुऊन पुढच्या घासाला जागा करून देतो. आर्दान्साच्या बाबतीत या नेहमीच्या हिशेबात आणखी एक भर पडते : काटक्यांचा धूर आणि ओकचा मसालेदार वास एकमेकांना ओळखतात. ही जोडी निर्विवाद चांगली आहे. पण कोकराऐवजी मोठ्या, वयस्क गाईचा जाड चुलेतोन, म्हणजे हाडासकट बरगडीचा तुकडा, घेतला, जो बास्क भागातल्या भोजनगृहांत अतिशय उत्तम मिळतो, तर ही वाइन थोडी कमी पडते. त्या मांसाची चव इतकी घट्ट आणि रक्ताळ असते की तिथे स्पेनमधल्याच रिबेरा देल दुएरो या प्रदेशाची जास्त टॅनिनची वाइन अधिक शोभते. द्राक्ष तेच तेंप्रानियो, फक्त तिथे त्याला तिंतो फिनो म्हणतात.

माझ्या दृष्टीने या वाइनची सर्वोत्तम जोड मात्र त्याहून साधी आहे : पातातास आ ला रिओहाना, म्हणजे चोरिसो हे डुकराच्या मांसाचे मसालेदार सॉसेज घालून शिजवलेले रश्शाचे बटाटे. या पदार्थात बटाटे चाकूने पूर्ण कापत नाहीत. चाकू अर्ध्यापर्यंत रोवायचा आणि मग मनगट वळवून फोड तोडायची. कट्‌कन आवाज येतो आणि तुटलेली बाजू खडबडीत राहते. त्या खडबडीत बाजूंतून पिष्ट रश्श्यात उतरते आणि रस्सा काहीही न घालता दाट होतो. चोरिसोतून चरबी आणि पिमेंतोन ही लाल मिरचीची पूड सुटते, वाळवून भिजवलेल्या चोरिसेरो मिरचीचा गर रंग आणि गोडवा देतो, लसूण, कांदा आणि तमालपत्र पाठीशी असतात. तिखटपणा जवळपास नसतो, आणि ते महत्त्वाचे आहे, कारण खरे तिखट मद्यार्काची आच वाढवते. कूने या आरोमधल्याच वाइनगृहाच्या १९७९ च्या शताब्दी समारंभात फ्रेंच आचारी पॉल बोक्यूज यांनी या बटाट्यांची तोंडभरून स्तुती केली, असे रिओहात आजही सांगितले जाते.

या बशीबरोबर आर्दान्सा इतकी खुलण्याचे कारण मला असे दिसते. बटाटा स्वतः काही मागत नाही; तो रश्श्याला आणि वाइनला दोघांनाही जागा देतो. चोरिसोची चरबी थोडीच, पण सर्वत्र पसरलेली असते, त्यामुळे वाइनच्या आंबटपणाला प्रत्येक घासात काम मिळते. पिमेंतोनचा गोडसर, मातकट वास वाइनमधल्या सुकलेल्या आलुबुखाराला अचूक भेटतो. तरुण, जोरकस वाइन या रश्श्याबरोबर उद्धट वाटते, आणि महागडी ग्रान रेसेर्वा चोरिसोच्या लसणापुढे आपले बारकावे गमावते. आर्दान्सा नेमकी मधली आहे. मात्र चोरिसो चांगला हवा. स्वस्त चोरिसोतला कृत्रिम धुराचा वास आणि जास्त मीठ असेल तर वाइन धातूसारखी लागू लागते, आणि दोष वाइनच्या माथी मारला जातो.

बिनमांसाच्या जोडीसाठी अळंबी. लोग्रोन्योच्या काये लाउरेल या चिंचोळ्या गल्लीत प्रत्येक बारचा एकेक ठरलेला पिंचो, म्हणजे पावावरचा छोटा खाऊ, असतो, आणि बार सोरियानो अळंबीसाठी ओळखला जातो. तव्यावर लसणीच्या तेलात परतलेल्या अळंबीच्या टोप्या एकावर एक रचून, वर एक छोटी कोळंबी बसवून त्या पावाच्या तुकड्यात खोचतात. तेल खाली पावात मुरते. गल्लीत हा पिंचो बहुधा तरुण वाइनच्या छोट्या पेल्याबरोबर उभ्याउभ्याच खाल्ला जातो आणि तेही छानच लागते. तरीही मुरलेल्या रेसेर्वाबरोबर त्याची गोडी वेगळी आहे, कारण वर्षांगणिक वाइनमध्ये जो ओल्या पानांचा, जंगलाच्या जमिनीचा वास येतो तो अळंबीत जन्मतःच असतो. बाटली उघडून तासभर झाल्यावर हा वास अधिक स्पष्ट होतो, म्हणून अळंबी जेवणात उशिरा आणावी. कोळंबी वगळून, मोठ्या रानअळंबी नुसत्या परतून घेतल्या तर जोडी आणखी घट्ट जमते.

मासा आणि लाल वाइन यांचे पटत नाही, हा समज सरसकट खरा नाही. तेलकट माशाबरोबर लाल वाइनमधल्या लोहाची माशाच्या तेलाशी प्रक्रिया होऊन तोंडात हिवस वास राहतो, हे खरे. पण बाकालाओ, म्हणजे खारवून वाळवलेला कॉड, हा मुळात फारच कमी चरबीचा मासा आहे. त्याचा रिओहाना प्रकार टोमॅटो, कांदा आणि लाल मिरच्यांच्या दाट रश्श्यात शिजतो, आणि तिथे वाइनची खरी गाठ माशापेक्षा रश्श्याशी पडते. टोमॅटोचा आंबटपणा आणि वाइनचा आंबटपणा बरोबरीचे असल्याने दोघांपैकी कोणी फिके पडत नाही. मासा पुरेसा भिजवून त्यातले मीठ उतरवलेले असावे, एवढीच अट. ही जोडी पहिल्या क्रमांकाची नाही, पण कोणी मांस खात नसेल तर निर्धास्तपणे निवडावी अशी आहे.

चीजच्या बाबतीत माझे मत थोडे कडक आहे. वर्षभराहून जास्त जुने मान्चेगो स्पेनमध्ये लाल वाइनबरोबर सर्रास दिले जाते. ते चीज स्वतः अप्रतिम आहे, पण त्याचा खारटपणा आणि मागची तिखट चुरचुर आर्दान्साच्या फळाला झाकून टाकते. उरते ते लाकूड. त्यापेक्षा मध्यम मुरलेले मान्चेगो घ्यावे, किंवा बास्क आणि नावारा भागातले, मेंढीच्या दुधाचे, हलके धुरावलेले इदियासाबाल घ्यावे. त्याचा धूर वाइनच्या ओकशी जमतो आणि चरबी वाइनला मऊ करते. पातळ काप करू नयेत, जाडसर त्रिकोणी तुकडे करावेत आणि चीज खोलीत थोडा वेळ ठेवूनच वाढावे.

हामोन इबेरिको, म्हणजे खारवून वाळवलेली डुकराची मांडी, हा स्पॅनिश टेबलाचा मानबिंदू, आणि तो कोणत्याही लाल वाइनबरोबर चालतो असे गृहीत धरले जाते. त्यातल्या उत्तम प्रतीच्या, ओकच्या फळांवर पोसलेल्या डुकराच्या मांसाची चरबी तोंडाच्या उबेनेच वितळते, तिच्यात सुकामेव्याची नाजूक गोडी असते. आर्दान्साचे लाकूड ती गोडी दडपते आणि मांसाचे मीठ वाइनला कडवटपणाकडे नेते. हामोनबरोबर आंदालुसियाची कोरडी फिनो किंवा मान्सानिया शेरी घ्यावी, आणि लाल बाटली नंतर उघडावी. तीच गोष्ट मेनेस्त्रा या रिओहाच्या सुंदर भाजीची. तिच्यात बहुधा आर्टिचोक असतात, आणि त्यांतला सायनारिन हा घटक जिभेला असा चकवतो की त्यानंतर पाणीही गोड लागते. अशा गोड झालेल्या जिभेवर ही संतुलित वाइन बेढब वाटते. पांढऱ्या शतावरीबरोबरही तिचे जमत नाही. भाज्यांच्या या पहिल्या फेरीसाठी रिओहाचीच विउरा द्राक्षांची पांढरी वाइन किंवा रोसादो ही गुलाबी वाइन निवडावी. चॉकलेटचा विचारही करू नये. गोड पदार्थापुढे कोरडी वाइन आंबट आणि रोड वाटते.

या सगळ्याचा क्रम लावायचा तर मी असा लावीन. जेवणाच्या अर्धा तास आधी बाटली उघडून एक घोटभर ओतून ठेवावे. हामोन आणि भाज्या पांढऱ्या वाइनबरोबर किंवा शेरीबरोबर आटोपाव्यात. मग बटाट्यांच्या रश्श्याबरोबर आर्दान्साचा पहिला पेला, कोकराच्या बरगड्यांबरोबर दुसरा, आणि शेवटी परतलेल्या अळंबी व इदियासाबाल यांच्या सोबतीने बाटलीतला उरलेला भाग, जेव्हा वाइन सर्वांत बोलकी झालेली असते. चौघांत एक बाटली याप्रमाणे धरले तर ती कोणालाच जड होत नाही आणि कोणालाच अपुरीही वाटत नाही.

किमतीविषयी मी निःशंक आहे. वाइनगृहाने पिंपे स्वतः घडवायची, तीन वर्षे तळघरात जागा अडवायची, वारंवार हाताने निवळ काढायची आणि मग बाटलीतही वाट पाहायची, हे सर्व धरून ३० युरोंच्या आतली किंमत रास्त आहे. इतकी मुरलेली बोर्दो किंवा इटलीची बरोलो या पैशांत क्वचितच मिळेल. त्याच घराची विन्या आल्बेर्दी स्वस्त आहे आणि रोजच्या जेवणाला पुरेशी आहे, मात्र गार्नाचाची ती गोलाई तिच्यात मिळत नाही. ग्रान रेसेर्वा ९०४ अधिक सूक्ष्म आणि बरीच महाग आहे; ती मी रश्श्याबरोबर उघडणार नाही.

बाटली साठवायची असेल तर आडवी, अंधारात आणि स्थिर गारव्यात ठेवावी. २०१६ आज पिण्याजोगी पूर्ण तयार आहे आणि नीट ठेवल्यास आणखी काही वर्षे टिकेल, फळ हळूहळू मागे जाईल आणि पाने, तंबाखू, सुकामेवा पुढे येतील. उघडलेली बाटली अर्धी राहिली तर बूच लावून फ्रिजमध्ये ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी पिण्याआधी थोडा वेळ बाहेर काढावी. दुसऱ्या दिवशी व्हॅनिला जवळजवळ नाहीसा झालेला असतो आणि संत्र्याची साल अधिक स्वच्छ लागते. तिसऱ्या दिवशी मात्र गार्नाचाचा भरीवपणा ओसरतो, म्हणून तोवर ती संपवावी.